खुर्चीत बसण्याआधी, या मे महिन्यात काय वाचू?

प्रश्न (पत्राचा सारांश) : पत्र लिहिणाऱ्या बाई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. तालुक्याच्या गावी पाचवी ते दहावीच्या अनुदानित शाळेत त्या गेली तीन वर्षं पर्यवेक्षिका आहेत. सध्याचे मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त होत असून जूनपासून कार्यभार बाईंकडे येईल. शिक्षकवर्गात एक सर त्यांच्याआधी नोकरीला लागलेले आहेत, पण त्यांचं बी.एड. उशिरा झाल्यामुळे ज्येष्ठता यादीत ते बाईंच्या खाली आहेत. ही गोष्ट त्या सरांनी अजून मनातून काढलेली नाही. "मला माणसं सांभाळता येतील का, ही धास्ती आहे. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या दहा पुस्तकांची यादी पाठवली. चार मागवली. एकाचीही पन्नास पानं झाली नाहीत. इंग्रजी वाचताना झोप येते, मराठी अनुवाद कोरडे वाटतात. कथा-कादंबऱ्या मला मनापासून आवडतात, पण आता तसं वाचण्याची वेळ राहिली नाही असं वाटतं. सुट्टीत नेमकं काय आणि कसं वाचू?"

उत्तर :

चार पुस्तकं पन्नास पानांच्या आत सुटली, याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेतला आहे. तो आधी बाजूला ठेवा. भाच्याची यादी वाईट नाही, पण ती त्याच्या कामाची आहे. त्याच्याकडे माणूस दोन वर्षांत कंपनी बदलतो, पगारवाढ साहेबाच्या हाती असते आणि न पटणाऱ्याला दुसऱ्या गटात हलवता येतं. तुमच्याकडे तेच बारा-पंधरा शिक्षक पुढची दहा वर्षं असणार आहेत. त्यांचा पगार तुम्ही वाढवू शकत नाही, कमीही करू शकत नाही. ज्या सरांचं मन दुखावलं आहे ते उद्याही त्याच शिक्षकखोलीत, त्याच खुर्चीवर बसणार आहेत. यादीतल्या पुस्तकांत या खोलीचं वर्णन नाही, म्हणून तुमचं मन त्यात रमलं नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'नेतृत्व' असा शब्द आहे त्यातूनच नेतृत्व शिकता येतं आणि बाकीचं सगळं मनोरंजन. मला हे अजिबात पटत नाही. तुम्हाला धास्ती आहे ती माणसांची. नव्या जागी आलेल्या माणसाला लोक कसे जोखतात, त्याचा शब्द कधी मानतात, आणि एका लहानशा गैरसमजाने सगळं कसं बिघडतं, हे जवळून दाखवण्याचं काम चांगली कादंबरी करते. तत्त्व सांगणारं पुस्तक "विश्वास संपादन करा" म्हणून पुढच्या मुद्द्याकडे जातं. कादंबरीत तो विश्वास दोनशे छोट्या प्रसंगांतून जमताना आणि तुटताना दिसतो.

म्हणून सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पासून करा. १९५५ सालची ही छोटी कादंबरी तुम्ही कॉलेजात वाचली असेल. आता मुख्याध्यापिका होण्याच्या उंबरठ्यावर पुन्हा वाचा, ती वेगळी वाचली जाईल. कोवळ्या वयाचा राजाराम सौंदणीकर मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा नावापुरती आहे, कारण पोरं मेंढरांमागे जातात. नेमणुकीचा कागद त्याच्याकडे आहे, पण त्या कागदाला वाडीत किंमत नाही. किंमत आहे म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या शब्दाला. मास्तर भाषण करत नाही. आधी तो लोकांची कामं करतो. त्यांचे कागद लिहून देतो, गावाबाहेरची कामं उरकून देतो, भांडणं ऐकून घेतो. शाळा भरते ती यातून. पुढे तालमीची इमारत उभी राहते तीही लोकांच्या अंगमेहनतीने.

ही कादंबरी वाचताना तीन ठिकाणी थांबा. पहिलं, मास्तर आणि कारभारी यांच्यातलं प्रत्येक बोलणं. अधिकाराचं पद एकाकडे आणि गावाचं वजन दुसऱ्याकडे, ही तुमच्या शाळेतलीच मांडणी आहे. ज्येष्ठ सरांच्या जागी कारभाऱ्याला ठेवून बघा. दुसरं, दादू बालट्याचे उद्योग. काड्या घालणाऱ्या माणसाला मास्तर कसा तोंड देतो, कुठे गप्प राहतो आणि गप्प राहणं कुठे महागात पडतं ते पाहा. तिसरं, कारभाऱ्याचं मन मास्तरविषयी कलुषित होतं तो भाग. हेतू स्वच्छ असूनही बाहेरून गोष्ट कशी दिसते, हे नव्या पदावरच्या माणसाला फार लवकर शिकावं लागतं. शेवट दुष्काळाचा आहे, सगळं केलेलं वाऱ्यावर जातं. तो टाळू नका. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने काम मोडतं तेव्हा काय उरतं, हा प्रश्न शाळा चालवणाऱ्यांना पटसंख्या घटली की दरवर्षी पडतो.

दुसरं पुस्तक तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान'. मूळ जपानी पुस्तक १९८१ चं, आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला आहे. शाळेशाळेत हे पुस्तक लहान मुलांचं म्हणून कपाटात असतं. तुम्ही ते मुख्याध्यापकांचं पुस्तक म्हणून वाचा. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली तोत्तोचान तोमोए शाळेत येते, तेव्हा मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी तिच्या आईला घरी पाठवतात आणि तिला म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सगळं सांग. ती चार तास बोलते. ते चार तास ऐकतात, जांभई न देता. तुम्हाला चार तास मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक शिक्षकाला वीस-वीस मिनिटं देता येतील. दार लोटलेलं, फोन पर्समध्ये, टेबलावर कागद नाही, आणि प्रश्न एकच : "या शाळेत तुम्हाला काय करायला आवडतं आणि कशाचा त्रास होतो?"

याच पुस्तकात एक लहान प्रसंग आहे, तो सहज निसटतो. वाढ खुंटलेल्या ताकाहाशीला वर्गातल्या बाई बोलण्याच्या ओघात शेपटीवरून काहीतरी विचारतात. त्यांच्या मनात वाईट नसतं. कोबायाशी संतापतात. पण त्यांनी बाईंना बोल लावले ते शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर नाही. स्वयंपाकघरात, दोघंच असताना. तोत्तोचानच्या कानावर ते योगायोगाने पडतं. या एका पानावर दोन गोष्टी आहेत. मुलाच्या मानाचा प्रश्न आला तेव्हा मुख्याध्यापकांनी सहकाऱ्याला सोडलं नाही, आणि सोडलं नाही तरी तिचा मान इतरांसमोर उतरवला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. सभेत सगळ्यांदेखत टोमणा मारला जातो आणि एकटं गाठून स्पष्ट कुणीच बोलत नाही.

तिसरं गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, १९३०च्या दशकातलं, मराठीत उपलब्ध, आणि दोन-तीन बैठकींत संपणारं. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो आणि आपल्या पद्धतीने शिकवून दाखवतो. गिजुभाईंनी त्याचा पहिला दिवस साफ फसवला आहे. शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो आणि मुलं हलत नाहीत. वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, एकच वर्ग, एकच वर्ष, शेवटी परीक्षा घेण्याची तयारी : काहीही नवं करून पाहायचं असेल तर त्याचा आकार एवढाच ठेवावा. नवे मुख्याध्यापक बहुतेक इथेच चुकतात. जूनमध्ये एकदम परिपाठ बदलतात, गणवेशाचे वार बदलतात, वेळापत्रक बदलतात, प्रत्येक वर्गात वाचनकोपरा काढायला सांगतात, आणि ऑगस्टपर्यंत सगळं जुन्या वळणावर येतं. त्यात गेलेली पत परत मिळवायला वर्ष लागतं.

चौथं पुस्तक इंग्रजी आहे. बाकीची इंग्रजी पुस्तकं बाजूला ठेवून हे एकच सुचवतो : अतुल गवांदे यांचं 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो', २००९ सालचं. गवांदे बोस्टनचे शल्यविशारद. वडिलांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, उमरखेडजवळचं उटी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेआधी, दरम्यान आणि नंतर तपासायची १९ मुद्द्यांची यादी बनवली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचं एक होतं. मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं, मृत्यूचं १.५ वरून ०.८ वर. यादीत अवघड असं काही नव्हतं. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, आणि चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगणं. हा शेवटचा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे चूक दिसली तर बोलतो, न बोललेला गप्प राहतो. जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत तुमच्या बोलण्याआधी प्रत्येकाला, शिपाई आणि लिपिकांसकट, एक वाक्य बोलायला लावा : या वर्षी माझ्याकडे कोणतं काम आहे.

पूर्ण पुस्तक जमणार नसेल तर गवांदे बोइंग विमान कंपनीत याद्या बनवणाऱ्या माणसाला भेटतात ते एक प्रकरण वाचा. तिथे नेमकी कृती आहे. काम थांबवून तपासण्याच्या एका टप्प्यावर पाच ते नऊ मुद्दे, मिनिट-दीड मिनिटात संपणारे. जे विसरलं तर खरंच घात होतो आणि तरीही विसरलं जातं, तेवढंच घ्यायचं. वाक्य छोटं. कागद एक. आणि यादी खऱ्या कामात वापरून दुरुस्त करायची, टेबलावर बसून नाही. मग वही काढा आणि शाळा उघडण्याच्या दिवसाची यादी लिहा. उदाहरणार्थ : पाण्याची टाकी धुतली का आणि कोणत्या तारखेला, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, पहिल्या पावसात कोणत्या वर्गाचं छप्पर गळतं आणि तिथल्या बाकांची सोय काय, आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं मोजून आली का, पोषण आहाराचं धान्य पाखडून ठेवलं का, पहिल्या दिवसाच्या तासिका कोणाकडे आहेत हे त्या त्या शिक्षकाला माहीत आहे का. ही सहा झाली. पंचवीस मुद्द्यांची यादी केलीत तर ती फळ्याशेजारी लटकून राहील, कोणी पाहणार नाही.

ही चार पुस्तकं झाली. आता वेळेचा हिशेब. २ मे ते १४ जून म्हणजे ४४ दिवस. त्यातून लग्नं, पाहुणे, वाळवणं, दहावीच्या निकालाचे दिवस आणि शेवटच्या आठवड्यातला कार्यभार घेण्याचा व्याप वजा करा. ३० दिवस हाती लागतात असं धरू. रोज ४० मिनिटं. थांबून थांबून वाचलं तर मराठी गद्य चाळीस मिनिटांत वीस पानं होतं. म्हणजे सहाशे पानं. वरची चार पुस्तकं आवृत्तीनुसार पाच-सहाशे पानांत बसतात, फक्त गवांदेंना इंग्रजीमुळे दीडपट वेळ धरा. दहा पुस्तकांची यादी या गणितात कधीच बसणार नव्हती. वेळ सकाळची ठेवा, ऊन चढण्याआधीची. रात्री दहानंतर, दिवसभराचं काम आटोपून, पंख्याखाली पुस्तक उघडलं तर झोप येणारच. तो इंग्रजीचा दोष नाही.

आता वाचायचं कसं. रेघा मारणं बंद करा. अर्धं पान पिवळं केलं की वाचल्याचं समाधान मिळतं आणि आठवड्याने काही आठवत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने लिहिणारे बरेच पुढे गेले. हे शाळेत तुम्ही मुलांना सांगताच, "पुस्तक मिटून लिहून बघ." तेच स्वतःला लागू करा. शंभर पानी वही घ्या. चाळीस मिनिटांतली शेवटची सात-आठ मिनिटं पुस्तक मिटून त्यात चार ओळी लिहा. प्रसंग काय होता. त्या माणसाने काय केलं. त्याच्याकडे आणखी कोणते मार्ग होते. आणि माझ्या शाळेत हे कोणत्या नावाने येईल. चौथी ओळ लिहायला सगळ्यात जड जाते, कारण तिथे खरी नावं येतात. म्हणून ही वही घरीच ठेवा, शाळेच्या कपाटात नको.

आणखी एक सवय. कादंबरीत निर्णयाचा क्षण आला की पान उलटण्याआधी थांबा आणि "मी असते तर काय केलं असतं" हे एका वाक्यात लिहा. मग पुढे वाचा. आपण उतावीळ आहोत की फार भिडस्त, हे महिन्याभरात त्या वाक्यांतून कळतं. कोणतीही व्यक्तिमत्त्व चाचणी इतकं सरळ सांगणार नाही.

पण या चारांच्याही आधी वाचायची एक गोष्ट आहे आणि ती भाच्याच्या यादीत असण्याचं कारणच नव्हतं. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१. कंटाळवाणी आहे, मान्य. तरी मे महिन्यात ती एकदा सलग आणि एकदा पेन्सिल घेऊन वाचाच. ज्येष्ठतेची अनुसूची 'फ', रजेचे प्रकार, गोपनीय अहवाल कसा आणि कधी लिहायचा, शिस्तभंगाच्या कारवाईचे टप्पे, मुख्याध्यापकांची कर्तव्यं. तुमच्या मनातली निम्मी धास्ती ही नियम अर्धवट माहीत असल्याची आहे, असं पत्रावरून वाटतं. ज्येष्ठ सरांचंच बघा. त्यांची नेमणूक आधीची, पण प्रशिक्षित पदवीधरांच्या प्रवर्गात ते ज्या तारखेला आले ती तुमच्या नंतरची. म्हणून ते खाली. हा तुमच्या वशिल्याचा किंवा त्यांच्या कमीपणाचा प्रश्न नाही, अनुसूचीतल्या एका तारखेचा आहे. हे तुम्हाला नियमासकट ठाऊक असलं की आवाजात अपराधीपणाही येत नाही आणि ताठाही येत नाही. मग त्यांना भेटून सांगता येतं : "सर, यादीत मी वर आहे ते तारखेमुळे. या शाळेची माणसं आणि गाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दहावीच्या वर्गांचं नियोजन तुम्ही बघाल का?" काम खरं द्या आणि त्यात लुडबुड करू नका. नावापुरतं पद दिलं तर ते त्यांना लगेच कळेल.

आणि नियमावलीच्या जोडीला शाळेचं स्वतःचं लिखाण. शिक्षकसभांच्या इतिवृत्ताची वही, तपासणीचे शेरे असतात ते शेरेबुक, शालेय व्यवस्थापन समितीचे ठराव. गेल्या पाच वर्षांचे मागून घ्या. निवृत्त होणारे सर अजून आहेत तोवर मागितले तर ते आनंदाने समजावून सांगतील. इतिवृत्त वाचताना एकच गोष्ट शोधा : दरवर्षी लिहिला गेलेला आणि कधीच न झालेला ठराव. 'ग्रंथालयाची तासिका नियमित घ्यावी', 'उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांशी संपर्क साधावा', असे चार-दोन ठराव पाचही वर्षं शब्द न बदलता सापडतील. त्यातला एक निवडा. तो का झाला नाही ते तिघांना विचारा. बहुतेक वेळा उत्तर असतं, की काम कुणाच्या नावावर नव्हतं, किंवा किल्ली कुणाकडे हेच ठरलेलं नव्हतं. तो एक ठराव दिवाळीपर्यंत पुरा करून दाखवा. शिक्षकखोलीत तुमच्याविषयी जे बोललं जाईल ते त्यावरून बोललं जाईल. कार्यभार घेताना जनरल रजिस्टर, सेवापुस्तकं, जडसंग्रह नोंदवही (शाळेच्या सामानाची) आणि कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) हेही 'वाचा' : कीर्दीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक त्या दिवशी जुळली, तरच सही.

भाच्याच्या यादीचं काय करायचं? रागाने फेकू नका. घरात आलेली चार पुस्तकं घ्या, प्रत्येकाची अनुक्रमणिका आणि मधलंच एखादं प्रकरण वाचा. त्या प्रकरणात येत्या सोमवारी शाळेत करून बघता येईल अशी एक तरी कृती सापडली तर पुस्तक ठेवा, नाही तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कपाटात. स्टीफन कोवी यांचं सात सवयींचं पुस्तक त्या चारांत आहे असं तुम्ही लिहिलं आहे. त्यातली एक कल्पना खरोखर उपयोगी आहे. ज्याची काळजी वाटते त्या गोष्टींचं मोठं वर्तुळ काढायचं, आणि ज्यावर आपला प्रभाव चालतो त्यांचं लहान वर्तुळ आत काढायचं. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात, एक पद कमी होणं मोठ्या वर्तुळात राहील. पाचवीच्या प्रवेशासाठी मे महिन्यात शेजारच्या तीन वाड्यांवर जाऊन पालकांना भेटणं लहान वर्तुळात येईल. हा कागद एका संध्याकाळी करा. पुस्तकाचं बाकीचं काम नंतर.

वाचलेली वाक्यं शिक्षकसभेत ऐकवू नका. एखादं पुस्तक आवडलं की त्यातली वाक्यं फळ्यावर लिहावीशी वाटतात, परिपाठात सांगावीशी वाटतात. सहकाऱ्यांना त्यातून "बाई आता आम्हाला शिकवणार" एवढंच ऐकू येतं. वाचलेलं वागण्यातून दिसू द्या, मूळ पुस्तकाचं नाव कोणी विचारलं तरच सांगा.

तुम्ही व्यक्तिमत्त्व विकासाचंही विचारलं आहे. त्यासाठी दोनच नावं, आणि दोन्ही सुट्टीनंतरही चालतील. विनोबांची 'गीता प्रवचने' : १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ऐकणारे बहुतेक कैदी, त्यात साधी माणसंही होती, म्हणून भाषा समोर बसून बोलल्यासारखी आहे. त्याच चालीने वाचा, आठवड्याला एक. निष्काम कर्मावर बोलताना विनोबा बाहेरचं काम आणि त्याला आतून मिळणारी मनाची जोड यांचा जो संबंध लावतात, तो शाळेच्या त्याच त्या कागदपत्रांनी थकलेल्या माणसाला फार आधार देतो. दुसरं डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरला स्वतःलाच हृदयविकार होतो, आणि आपलं खाणं, चालणं, राग, घाई सगळं तो प्रामाणिकपणे तपासतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी जबाबदारीचं पद घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. शाळेच्या कामात डबा तीन वाजता उघडणारे मुख्याध्यापक मी म्हणतो तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर दोन-तीन चेहरे येतील.

शाळेबाहेरच्या वाचकांसाठीही थोडं. पतसंस्थेत शाखाधिकारी झालेले, कारखान्यात नुकतेच सुपरवायझर झालेले, पहिल्यांदा सरपंच झालेल्या बायका, यांचीही पत्रं याच सुराची येतात. चौकट तीच ठेवा : आपल्या पदाचे नियम, आपल्या संस्थेची जुनी इतिवृत्तं, आपल्यासारख्या जागी सापडलेल्या माणसाची एक कादंबरी, आणि काम नीट होण्याची कृती सांगणारं एक पुस्तक. सरपंचांनी 'बनगरवाडी'ऐवजी शंकर पाटील यांची 'टारफुला' घ्यावी. दरारा असलेला पाटील जातो, गाव बेलगाम होतं, नंतर आलेला पाटील वचक बसवतो, आणि मग त्या वचकाचं पुढे काय होतं हे लेखक निर्दयपणे दाखवतात. कॉलेजात विभागप्रमुख झालेल्यांनी भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' वाचावी. संस्थाचालक, प्राध्यापक आणि त्यांचे गट कसे चालतात याचं इतकं उघडं चित्र नेतृत्वाच्या कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. कारखान्यातल्या मंडळींनी गवांदे आधी घ्यावा, कादंबरी नंतर.

पुस्तकं विकत घेण्याची घाई कोणीच करू नये. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात 'बनगरवाडी' आणि 'टारफुला' सहज मिळतात, अनामत आणि महिन्याची वर्गणी भरली की झालं. वाचनालयाचा मोठा फायदा म्हणजे परत करण्याची तारीख. विकत घेतलेलं पुस्तक कधीही वाचता येतं, म्हणून ते राहून जातं. महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर वाटेत भिलारला अर्धा दिवस काढा. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत. भाच्याच्या यादीतलं एखादं तिथे दिसलं तर मधलं प्रकरण वाचून ठेवायचं की सोडायचं ते तिथेच ठरवा.

तुमचा क्रम मी असा लावेन. पहिल्या पाच दिवसांत नियमावली, कारण डोकं ताजं असतं आणि शंका विचारायला कार्यालय अजून गजबजलेलं असतं. मग 'बनगरवाडी', सावकाश, आठ दिवस. 'दिवास्वप्न' आणि 'तोत्तोचान' लग्नसराईच्या दिवसांत, प्रवासातही चालतात. मेच्या अखेरीस इतिवृत्तं आणि शेरेबुक, निवृत्त होणाऱ्या सरांबरोबर बसून. जूनच्या पहिल्या आठवड्यात गवांदे, आणि त्याच आठवड्यात तुमची सहा मुद्द्यांची यादी, म्हणजे ती १५ जूनला वापरता येईल. मधे एखादं पुस्तक नकोसं झालं तर चाळीसाव्या पानावर थांबा आणि पुढचं घ्या. तेवढी पानं देऊनही मन लागलं नाही तर ते सध्याचं पुस्तक नव्हे.

पहिली तीन शाळेच्या ग्रंथालयातच असण्याची शक्यता आहे. निकालपत्रकांच्या कामाला जाल त्या दिवशी ग्रंथपालांना विचारा, आणि पर्यवेक्षिका असलात तरी देवघेव वहीत तुमच्या नावाने नोंद करूनच ती घरी आणा.